रोलर, प्रोग्रॅम आणि माझी पोटदुखी

दिवाळी अंकाचे संपादक दुकानात आले आणि म्हणाले, "प्रभाकरराव, लायटिंगच्या धंद्यातले अनुभव लिहा." मी म्हटलं, "लिहायला बसलो तर त्यात नजीर येणार, आणि नजीर आला की माझं तोंड कडू होतं." ते हसले. म्हणाले, मग तेच लिहा. आता त्यांनीच परवानगी दिलीय म्हटल्यावर सांगून टाकतो, या धंद्यात मी जे काही नवं शिकलो ते हौसेनं नाही, जळून शिकलो. दुसऱ्याचं बरं झालेलं मला बघवत नाही. सुमन, म्हणजे आमच्या मंडळी, हे लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून सांगत आल्या आहेत.

आधी धंदा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. लायटिंग म्हणजे खांबाखांबावर माळा सोडणं असं लोकांना वाटतं. ती हमाली झाली. आमचं काम नाचत्या लायटिंगचं. फळीवर बल्बांचा मोर असतो, तो पिसारा उघडतो, मिटतो. कारंजं वर चढतं, पणती तेवते. हे सगळं ज्याच्या जोरावर चालायचं तो रोलर तुम्ही कधी पाहिला नसेल, कारण तो स्टेजच्या मागे पोत्याखाली झाकलेला असायचा. मांडीएवढा जाड लाकडी गोल. त्याच्यावर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या. शेजारी पितळी पात्यांची रांग त्याला टेकून उभी आणि एकेका पात्याला बल्बांची एकेक माळ जोडलेली. मोटर रोलर फिरवते. पात्याखाली तांबं आलं की ती माळ पेटते, लाकूड आलं की विझते. बस, एवढंच. पण कुठली पट्टी कुठं सुरू करायची आणि किती लांब ठेवायची, यातच मोर जिवंत होतो नाहीतर कोंबडी होते. मी पट्ट्या कापताना तोंडानं ठेका धरायचो आणि हातानं रोलर हळूहळू फिरवायचो. साधा बल्ब आळशी असतो. करंट आल्यावर तार तापून उजेड पडेपर्यंत थोडा वेळ जातो. म्हणून पट्टी ठेक्याच्या सूतभर आधी सुरू करायची. हे कुणी शिकवलं नाही, हाताला कळलं. देऊळगाव राजापासून चिखलीपर्यंत असा मोर दुसरा कुणी करत नव्हता. हे मी सांगतोय म्हणून खरं मानू नका, कुणाही म्हाताऱ्याला विचारा.

नजीर माझा भागीदार. मूळचा बुलढाण्याकडच्या धाड गावचा. सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेला. अठरा वर्षं आम्ही एका दुकानात काम केलं. वायरिंग त्याचं, रोलर माझा. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, म्हणून मला भाऊ म्हणायचा, पण बोलायचा अरेतुरेत. लोड किती बसतो, तार किती जाडीची घ्यायची, हे मात्र तो मलाच विचारायचा आणि मी सांगितलं की पुन्हा तपासायचा नाही.

मग बीटी कापसाचं बियाणं आलं. पहिली काही वर्षं कापसानं घरं भरली. ज्या गावात गणपतीपुढं एक ट्यूबलाइट असायची त्या गावातून माणसं मोर मागायला येऊ लागली. एका बियाणेवाल्या शेठनं आम्हाला वेगळंच काम दिलं. त्याला कापसाचं बोंड हवं होतं. हिरवं बोंड, पाच पाकळ्यांनी उकलतं आणि आतून पांढराशुभ्र कापूस फुलतो, आणि हे सगळं त्याच्या बियाण्याच्या जाहिरातीच्या गाण्यावर. मी आठ दिवस बसून रोलर केला. शेतकरी मेळाव्यात ते बोंड फुललं की लोक टाळ्या वाजवायचे. शेठही खूश. पण दोन वर्षांनी तोच शेठ म्हणाला, "शहरात पाहून आलो प्रभाकरराव. गाणं बदललं की लायटिंग आपोआप बदलते. कॉम्प्युटरवर. तुम्हाला जमेल का?"

मी म्हटलं, "हे सगळं पिक्चरमध्ये असतं शेठ."

नजीर शेजारी वायर सोलत होता. तो म्हणाला, "शिकून पाहतो ना शेठ. कायले नाही जमन?"

आणि हा माणूस खरंच शिकायला गेला. पंचेचाळिशीला आलेला, दाढीत पांढरे केस. आठवड्यातले तीन दिवस धाडला राहायचा आणि तिथून बुलढाण्याच्या क्लासला जायचा. कॉलेजच्या पोरापोरींच्या रांगेत बसून प्रोग्रॅम शिकायचा. इंग्रजी वाचता येत नव्हतं तर त्यानं एकेक शब्दाचं चित्र करून पाठ केलं. हा शब्द म्हणजे 'पेटव', हा म्हणजे 'थांब'. मी दुकानात सगळ्यांना त्याची नक्कल करून दाखवायचो. लोक हसायचे, आणि मला बरं वाटायचं.

चार महिन्यांनी त्यानं दुकानाच्या काउंटरवर काडेपेटीपेक्षा थोडी मोठी सर्किटची एक हिरवी पाटी ठेवली. तिला आठ बारके एलईडी जोडलेले. मोबाइलवर ढोलकी लावली आणि ते आठ दिवे त्या ढोलकीवर असे काही धावले की माझा हात होता तिथंच थांबला. मग त्यानं लॅपटॉपवर दोन बटणं दाबली. तेच दिवे उलटे धावले. पुन्हा दोन बटणं. आता जोडीजोडीनं.

"पाहाय ना भाऊ," तो म्हणाला. "पट्टी कापाच नाही लागत. आकडा बदलला का झालं."

आकडा बदलला का झालं! एकेका मोरासाठी माझ्या बोटांना तांब्याचे काप पडले होते. त्या क्षणी माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला तो आठवला की अजून लाज वाटते. मी म्हटलं, "पावसात चालेल हे?"

"डबा करावा लागन."

"अन् धुळीत?"

"डबाच."

"मग डब्यातच ठेव," मी म्हटलं. "या दुकानात रोलर चालतो. खेळणी नाही चालत."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, पाटी रुमालात गुंडाळली आणि "बरं भाऊ" एवढंच म्हणाला. महिन्याभरात तो धाडला परत गेला. भांडण नाही, हिशेब नाही, चार माणसांत माझी तक्रार नाही. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. वर्षभरात शेठचं बोंडही त्याच्याकडे गेलं.

मग मी काय करावं? मी जालन्याला क्लास लावला, चोरून. बुलढाण्याला गेलो असतो तर नजीरला कळलं असतं आणि आमच्या गावात लावला असता तर सगळ्या गावाला. आठवड्यातून तीनदा सकाळची एसटी धरायची. घरी सांगायचं, बल्ब आणायला चाललो.

सुमन म्हणाली, "एवढ्या फेऱ्या मारता बल्बासाठी अन् येता रिकाम्या हातानं. जालन्यात दुसरी केली का काय?"

"भाव पटत नाही गं," मी म्हणायचो.

क्लासच्या मॅडम माझ्या थोरल्या मुलीच्या वयाच्या. त्यांना म्हटलं, मला दिवे नाचवायचेत, बाकी काही शिकायचं नाही. रोलर म्हणजे काय ते समजावून सांगायला मी त्यांची वही गुंडाळली, तिच्यावर पेनानं पट्ट्या काढल्या आणि फिरवून दाखवली. त्यांनी ती वही स्वतः फिरवून पाहिली. म्हणाल्या, "काका, तुम्ही इतकी वर्षं प्रोग्रॅमच लिहिताय की. फक्त तांब्यात."

काय सांगू, एसटीत येताना मी एकटाच हसत होतो. आणि हे सांगायला माणूस एकच होता, त्यालाच सांगता येत नव्हतं.

पण शिकणं सोपं गेलं नाही. मॅडम म्हणायच्या, "तीच ओळ चाळीसदा कशाला लिहिता? एकदा लिहा आणि सांगा, चाळीस वेळा कर. त्याला लूप म्हणतात." मला ते पटेना. चाळीस पट्ट्या असतील तर चाळीस ठोकायच्या असतात. एक ठोकून बाकीच्या यंत्रानं समजून घ्याव्यात, हा कामचुकारपणा झाला. मी सगळ्या ओळी हातानं लिहिल्या. मोराचा प्रोग्रॅम मारुतीच्या शेपटासारखा लांबला. गणपतीत आमच्याच गल्लीत तो लावला आणि फजिती झाली. ढोल वाजायच्या आधीच दिवे पेटायचे. दर ठेक्याला पुढं. पोरं हसायला लागली. शेजारचे गुरुजी म्हणाले, "प्रभाकरराव, तुमच्या मोराला गाडी पकडायचीय का?" मी महिनाभर दोष शोधला. वायर बदलली, पाटी बदलली, मॅडमवरही संशय घेतला. शेवटी क्लास सोडला आणि पुन्हा रोलर काढला.

त्याच वर्षीच्या नवरात्रात ते झालं, जे लिहायला हात जड झालाय.

धाडच्या बाजूचं एक गाव. तिथल्या देवीच्या मंडळानं कमान माझी घेतली होती. स्टेज मात्र बियाणेवाल्या शेठच्या खर्चानं, म्हणजे स्टेजवर नजीरचं बोंड. ज्या अळीला बीटी पुरून उरेल असं सगळे धरून चालले होते, ती गुलाबी अळी त्या वर्षी बीटीच्याच बोंडात निघाली होती. वरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत अळी आणि कापसाची काळी घाण. आम्ही टेम्पोतून माल उतरवत होतो तेव्हाच कळलं की गावात कुणी कुणाशी फार बोलत नाही.

दिवेलागणीला लाइट गेली. माझ्याकडे जनरेटर होता, कमान पेटली. नजीरचे दिवे दिव्यांपुरत्या छोट्या बॅटरीवर चालायचे, तेही लागले. जाहिरातीचं गाणं सुरू झालं आणि स्टेजवर ते भलंमोठं बोंड उकललं. पांढरा कापूस फुलला. कुणी टाळी वाजवली नाही. पुन्हा मिटलं, पुन्हा उकललं. मग पुढं बसलेल्या अनुसयाबाई उठल्या. मंडळाच्या अध्यक्षांची आई, सत्तरीच्या पुढची.

"बंद कर रे बाबा ते," त्या नजीरला म्हणाल्या. "दिवसभर वावरात तेच फोडून पाह्यलं. आता इथं बी तेच पाहाव काय?"

शेठचा माणूस म्हणाला, "आजी, हा बोर्ड शेठच्या खर्चाचा आहे, बंद करता येत नाही." अध्यक्ष मान खाली घालून उभे. नजीरनं मात्र सरळ बटण बंद केलं आणि बाईंना विचारलं, "मग काय दाखवू, माय?"

देवळाच्या बाजूला भुलाबाई मांडलेली होती. पोरी तिच्यापुढं गोल करून टाळ्या वाजवत गाणी म्हणत होत्या. बाईंनी तिकडं हात केला. "तिथं लाव उजेड. पोरी अंधारात म्हणून राह्यल्या."

नजीर हसला. तो हसला की मला धडकी भरते. त्यानं लॅपटॉप उघडला. भोंगेवाल्याकडून माइक मागून घेतला. प्रोग्रॅम असा बदलायचा होता की दिवे कुठल्या ठरलेल्या गाण्यावर नाचणार नाहीत. माइक पोरींच्या टाळ्या ऐकेल आणि टाळी पडेल तसा दिवा लागेल. रोलरला कान नसतात. माझ्या हयातीतल्या कुठल्याही रोलरला हे जमलं नसतं, आणि हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

दहा मिनिटांत लॅपटॉपची बॅटरी संपत आली. तो पळत माझ्याकडे आला. "भाऊ, अर्धा घंटा प्लग दे. थोडंच राह्यलं."

मी जनरेटरकडे पाहिलं. कमानीतले चार बल्ब काढले असते तरी त्याचा लॅपटॉप चालला असता. काढायचीही गरज नव्हती. मी म्हटलं, "लोड नाही झेपणार रे. लॅपटॉप उडून जाईल तुझा."

"असं काय," तो म्हणाला. "तुले माहीत भाऊ." आणि गेला. एक शब्द उलटून विचारला नाही.

मला वाटलं, झालं, आता बसेल अंधारात. पण गावानं त्याला बसू दिलं नाही. एकानं ट्रॅक्टरची बॅटरी काढून खांद्यावर आणली, भोंगेवाल्यानं आपला छोटा इन्व्हर्टर दिला. लॅपटॉप चालू झाला, प्रोग्रॅम झाला, बोंडाची फळी उचलून भुलाबाईपाशी नेली, माइक पोरींच्या मध्ये ठेवला. दिवे लागले खरे, पण भलतेच. पोरी थांबल्या तरी दिवे धडधड पेटत होते. नजीरनं कान दिला आणि कपाळावर हात मारला. ते दिवे माझ्या जनरेटरच्या धडधडीवर नाचत होते.

अध्यक्ष माझ्याकडे आले. "प्रभाकरराव, थोडा वेळ जनरेटर बंद करा ना."

म्हणजे माझी कमान विझवायची. माझ्याच हातानं. सगळं गाव बघत होतं. मी बंद केला.

मग पोरींनी पुन्हा टाळ्या धरल्या. आता ऐकायला फक्त त्याच होत्या. बोंडातले पांढरे दिवे एकेका टाळीला सुटे झाले आणि फळीभर वर वर पसरत गेले. पोरींनी ठेका वाढवला तसे ते वाढले. एक बारकी पोर चुकीच्या वेळी टाळी वाजवून बघायची आणि तिचा एकटीचा दिवा लागला की खिदळायची. मग अनुसयाबाई उठून त्या गोलात गेल्या, त्यांच्यामागं बाकीच्या बायका. मी विझलेल्या कमानीखाली उभा होतो आणि माझ्या पोटात इतकं दुखत होतं की मी तिथंच खाली बसलो. सुंदर होतं हो ते. सुंदर होतं, म्हणूनच सहन होत नव्हतं.

दिवाळीनंतर मी पुन्हा जालन्याला गेलो. या वेळी सुमनला सांगून. मॅडमनी माझा तो लांबलचक प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून वाचला. म्हणाल्या, "काका, प्रत्येक ठेक्याच्या आधी तुम्ही दिवा का लावताय?"

"बल्ब तापायला वेळ लागतो म्हणून."

"काका, एलईडी तापत नाहीत. ते लगेच लागतात."

पंचवीस वर्षं हातात मुरलेलं शहाणपण! तेच मी इमानदारीनं प्रत्येक ओळीत घातलं होतं. मी खूप हसलो, आणि मग लूपही शिकलो. त्यानंतर दोन वर्षं लागली, पण मी माझा मोर केला. हा मोर ऐकतो. ढोलकी वाजवा, बासरी वाजवा, नाहीतर नुसतं खाकरा. सूर वर गेला की पिसारा उघडतो, खाली आला की मिटतो. सूर थरथरला तर पिसांची टोकं तेवढी थरथरतात. हे नजीरच्या बोर्डात नव्हतं. त्याला टाळी कळत होती, सूर कळत नव्हता.

मोर पूर्ण झाला त्या दिवशी मी पहिला फोन नजीरला केला. का, ते तुम्ही ओळखलंच असेल. मला त्याचं तोंड बघायचं होतं. कमानीखाली माझं झालं होतं तसं त्याचं झालेलं, एकदा तरी.

तो दुपारच्या एसटीनं आला. एका खांद्याला लॅपटॉप-इन्व्हर्टरची पिशवी आणि दुसऱ्या हातात, कमरेतून वाकडा होऊन उचललेली, गाडीची बॅटरी.

"हे काय?" मी विचारलं.

"लाइटचा काय भरोसा. गेली तर तुह्या जनरेटरवर लॅपटॉप झेपत नाही ना," तो धापा टाकत म्हणाला. "तूच त सांगतलं होतं. तवापासून जिथं जातो तिथं संगच नेतो बे. कंबर गेली पार."

दुकानात अंधार करून मोर लावला. सुमननं एक गाणं म्हटलं. पिसारा उघडला, मिटला, थरथरला. मी मोराकडे पाहतच नव्हतो. नजीरकडे पाहत होतो.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "वा भाऊ!" तो म्हणाला. "वा! दाखव, दाखव, आत काय लिहिलं ते." त्यानं माझा प्रोग्रॅम ओळीन् ओळ वाचला, मांडीवर थापा मारल्या, दोन ठिकाणी चूक दाखवली, ती दुरुस्तही करून दिली. जळणं सोडा, तो पोरासारखा खूश झाला होता. मला ते सोसवेना.

"तुले काहीच होत नाही काय बे?" मी त्याच्याच बोलीत ओरडलो. "पोटात दुखत नाही?"

त्यानं लॅपटॉप मिटला. "दुखलं ना. अठरा वर्षं दुखलं. तू पट्ट्या कापाले बसला का दार लावून घे. मी बाहेर वायरी सोलत बसो अन् आतून तुह्या ठेक्याचा आवाज ऐको. एक पट्टी कापू दे म्हणलं तं तू म्हणे, तुह्या हातचं काम नाही. मंग दुसरीकडं जाऊन शिकलो. तवा कुठं थांबलं."

मला ते दार आठवलं. कडी लावायचो मी, आतून.

मग मी म्हटलं, "नजीर, त्या दिवशी लोड झेपला असता."

"कोणत्या दिवशी?"

"भुलाबाईच्या. कमानीतले चार बल्ब खातात तेवढाही खात नाही तुझा लॅपटॉप. मला माहीत होतं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग खाली ठेवलेल्या बॅटरीकडे पाहिलं. किती तरी गावं, किती तरी एसट्या त्यानं मोजल्या असतील, मला माहीत नाही. शेवटी तो उठला, लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावली आणि दारात जाऊन उभा राहिला.

"मंग उचल," तो म्हणाला.

तो पुढं मोकळ्या हातानं चालत होता, मी मागं बॅटरी घेऊन. दुकानापासून स्टँडपर्यंत मी ती तीनदा खाली टेकवली. तो दर वेळी थांबला, पण मागं वळून त्यानं एकदाही पाहिलं नाही.